थारमध्ये सीबी रेडिओ : निवड, अँटेना आणि घरघर

गाडी : महिंद्रा थार सीआरडीई, डिझेल, कापडी हूड. सोबतच्या दोन गाड्या : निखिलची जिप्सी (पेट्रोल) आणि सुधीरदादांची बोलेरो. फिरणं बहुतेक नाशिकच्या पश्चिमेला. त्र्यंबक, हरसूल, पेठ, सुरगाणा आणि कधी इगतपुरीच्या मागे भावली-वैतरणा. गाडीत सीबी (सिटिझन बँड, गाडी ते गाडी बोलायचा रेडिओ) बसवणाऱ्या कोणाला उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवतोय. शास्त्र कमी, काय बसलं आणि काय नाही बसलं तेवढंच.

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

गरज साधी आहे. हरसूलच्या पुढे मोबाईलला रेंज नसते. पुढची गाडी ओढ्यात उतरली की मागच्याला थांबायचं आहे की यायचं आहे ते कळत नाही. प्रत्येक फाट्यावर सगळ्यांनी थांबायचं, हॉर्न वाजवायचा, मग निघायचं, यात सकाळ जाते.

कामाची सुरुवात कागदापासून केली, कारण या विषयात "सगळेच वापरतात हो" हे वाक्य फार ऐकू येतं. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे चिनी व्हीएचएफ-यूएचएफ हँडसेट परवान्याशिवाय वापरणं बेकायदा आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकीच्या ऑनलाइन विक्रीबद्दल मार्गदर्शक सूचनाही काढल्या. ते सेट आमच्यापुरते बाद.

दुसरा रस्ता हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा. परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, मग बोलायचं. रस्ता उत्तम, पण तिन्ही गाड्यांत बोलणाऱ्या प्रत्येकाकडे परवाना हवा. सुधीरदादा म्हणाले, "घरात मुलगी दहावीला बसलीये, एक परीक्षा पुरे." विषय संपला.

परवाना न लागणारे दोन पट्टे उरले. एक ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ, छोट्या वॉकीटॉकीचा. दुसरा सिटिझन बँड, म्हणजेच सीबी, २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ, ५ वॅटपर्यंत. याची परवान्यातून सूट २००५ च्या नियमांत आहे. परवाना नको याचा अर्थ मंजुरी नको असा होत नाही. उपकरणाला डब्ल्यूपीसीची (दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची) ईटीए म्हणजे उपकरण-मंजुरी लागतेच. विक्रेत्याकडे त्याची प्रत मागायची. जो "बिलावर सगळं आहे" म्हणतो त्याच्याकडे प्रत नसते, हा आत्तापर्यंतचा अनुभव.

९ नोव्हेंबर, रविवार

निखिलच्या चुलतभावाकडून ४४६ चे अर्ध्या वॅटचे हँडसेट उसने आणले. पेठ रोडने सावळघाटात चाचणी घेतली. नजरेच्या टप्प्यात आवाज घंटेसारखा स्वच्छ. डोंगराची सोंड मध्ये आली की एकदम काही नाही. मोडकातोडकासुद्धा नाही. हँडसेट गाडीच्या आत असला की पत्रा आणखी खातो, बोलेरोतून तर खिडकीबाहेर हात काढूनच बोलावं लागत होतं.

तरी हे सेट परत करून टाकायचे नाहीत, असेच विकत घ्यायचे. गाडीतून उतरून चाकापाशी उभं राहून "डावीकडे घे, अजून, बास" सांगायला यांच्यासारखं काही नाही. गाडी ते गाडी बोलायला मात्र दुसरं लागेल.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सेटची निवड. बाजारात गाडीत बसवायचे सीबी सेट ढोबळमानाने तीन घडणीचे.

मोठा खोका : कोब्रा २९ सारखे, अमेरिकन ट्रकवाल्यांच्या आवडीचे. मोठी बटणं, आतच एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते ते दाखवणारा, आकडा जितका १ च्या जवळ तितका चांगला), आवाज दणदणीत. थारच्या डॅशबोर्डखाली तो बसवला तर गिअर टाकताना हाताचं कोपर लागेल. बोलेरोत बसला असता.

लहान खोका : युनिडेन प्रो ५२० किंवा फ्रान्सच्या प्रेसिडेंट कंपनीचे छोटे सेट. कार टेपपेक्षाही लहान. बटणं कमी, पण हवी ती आहेत.

सगळं माइकमध्ये : कोब्रा ७५ सारखे. खोका सीटखाली लपतो, चॅनेल, आवाज, पडदा, सगळं हातातल्या माइकवर. जागा नसलेल्या गाडीसाठी कल्पना झकास आहे, माझाही पहिला कल तिकडेच होता. पण थारमध्ये सीटखाली चिखल-पाणी असतं. आणि स्क्वेल्च (कोणी बोलत नसताना खरखर दाबून ठेवणारी सोय) कमी-जास्त करायला बारीक बटणं दाबत बसायचं, तेही उतारावर एका हाताने स्टिअरिंग धरून, हे जमणारं नाही. माझं मत : फिरवायचं बटण हवंच. नजर रस्त्यावर ठेवून हाताला कळतं.

आता वैशिष्ट्यांच्या यादीतलं काय कामाचं आणि काय नाही. कामाचं : स्क्वेल्च, आरएफ गेन (किती कमजोर आवाजापर्यंत पकडायचं ते ठरवणारं), नॉइज ब्लँकर (ठिणगीची टकटक दाबणारं), बाहेरच्या स्पीकरची पिन, चॅनेल लॉक. बिनकामाचं : बोलणं संपलं की वाजणारा बीप, एको, सात रंगांचा पडदा. वेदर चॅनेलसाठी जास्तीचे पैसे तर मुळीच देऊ नका. ते अमेरिकन सरकारी हवामान केंद्रांचे १६२ मेगाहर्ट्झवरचे प्रसारण पकडतात. सुरगाण्यात कोण लावणार ते केंद्र!

आणखी एक गोष्ट, जी खोक्यावर कुठेच लिहिलेली नसते. अमेरिकन सेटवर ४० चॅनेल असतात, २६.९६५ पासून २७.४०५ मेगाहर्ट्झपर्यंत. आपला पट्टा २७.२८३ ला संपतो. चॅनेल २७ म्हणजे २७.२७५, ते आत बसतं. चॅनेल २८ म्हणजे २७.२८५, ते बाहेर. म्हणजे आपल्यासाठी १ ते २७ एवढेच. तिन्ही सेटवर २७ नंतरचं काही वापरायचं नाही असं ठरवून टाकलं. तसंच साइडबँडवर (एएम-एफएमसारखीच आणखी एक प्रसारण-पद्धत) १२ वॅट देणारे महागडे सेट आणि शक्ती वाढवणारे अँप्लिफायर दोन्ही आपल्या ५ वॅटच्या मर्यादेबाहेर जातात, त्यांच्याकडे बघायचंच नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

तिघं बसलो. निखिलला मोठा खोका हवा होता, दादांना "जो तुम्ही घ्याल तो". शेवटी तिन्ही गाड्यांत एकच मॉडेल घ्यायचं ठरलं आणि आज मागे वळून पाहता हा निर्णय सेटच्या कुठल्याही गुणापेक्षा महत्त्वाचा. एकाने दुसऱ्याला गाडीतून सांगायचं असतं, "वरचं उजवं बटण जरा डावीकडे". तीन वेगळे सेट असले तर हे सांगता येत नाही. वायरी, माइक, फ्यूज एकमेकांना चालतात ते वेगळंच.

निवड झाली लहान खोक्याची, ४ वॅट, एएम आणि एफएम दोन्ही असलेला. ज्या विक्रेत्याने मागितल्याबरोबर मंजुरीची प्रत पाठवली त्याच्याकडून. प्रत्येकी चौदा हजार, बिलासह. याहून स्वस्त मिळत होता, कागद मिळत नव्हता.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सेट आले. आज फक्त वीज.

द्वारकेजवळचे आमचे इलेक्ट्रिशियन चाचा जुन्या जीपांचे डॉक्टर. मी म्हटलं, "चाचा, म्युझिक सिस्टिमच्या वायरमधूनच लाइन काढू, पटकन होईल." ते म्हणाले, "साहेब, पटकन होईल, पण मग घरघर ऐकायला माझ्याकडेच याल. बॅटरीवरून घ्या. प्लसपण आणि मायनसपण."

त्यांचं ऐकलं. दीड चौरस मिलिमीटरची जोडवायर, दोन्ही तारांना बॅटरीजवळ फ्यूज, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून रबरी ग्रोमेट घालून आत. बोलताना सेट जेमतेम दोन अँपियर ओढतो, त्यामुळे जाड वायरीची गरज नाही, सरळ वायरीची आहे. मायनस जवळच्या बोल्टला मारला तरी सेट चालतो. पण मग अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) करंट ज्या पत्र्यातून फिरतो त्याच पत्र्यातून सेटचाही फिरतो आणि शिट्टी ऐकू येते.

इंजिन चालू केलं. अल्टरनेटरची शिट्टी नाही, पण दुसरीच एक सुंईऽऽ येत होती. अॅक्सिलरेटर दिला तरी तिचा सूर बदलेना, म्हणजे अल्टरनेटर नव्हे. एकेक वस्तू बंद करत गेलो. डॅशकॅम बंद, फरक नाही. बंपरवरचा एलईडी बार बंदच होता. सिगारेट लायटरमधला मोबाईल चार्जर उपसला आणि एकदम शांत. मोबाईल लावलेला नसतानासुद्धा तो चार्जर आवाज करत होता. दुसऱ्या बनावटीचा आणून लावला, तो गप्प आहे. मग मुद्दाम एलईडी बार लावून पाहिला, त्याचीही खरखर आहे, थोडी. त्याच्या वायरीवर फेराइटचे क्लिप (खरखर अडवणाऱ्या कड्या) चढवले, निम्मी कमी झाली. रात्री बार लावून बोलायची वेळ कमी येते, सोडून दिलं.

दिवस यातच गेला. अँटेना अजून डब्यात.

२३ नोव्हेंबर, रविवार

अँटेना. इथून पुढचं सगळं महत्त्वाचं, सेट कुठला घेतला ते विसरा.

२७ मेगाहर्ट्झची लाट ११ मीटरची. तिचा पाव म्हणजे पावणेतीन मीटर, म्हणजे गाडीवर नऊ फुटांची काठी. झाडाझुडपात ते शक्य नाही, म्हणून तार गुंडाळून काठी लहान करतात. लहान केली की काम थोडं कमी होतं. तीन फुटांपेक्षा चार फुटांची बरी. मी चार फुटांची फायबरग्लासची घेतली. निखिलनेही तीच. दादांच्या बोलेरोला पत्र्याचं छत आहे, त्यांनी चुंबकाचा तळ असलेली घेऊन छताच्या मध्यावर ठेवली. मीटर लावला, एसडब्ल्यूआर १.३. चहा प्यायला मोकळे. एवढ्यात झालं म्हणून त्यांनाच पटेना.

माझ्या थारला छत कापडाचं, चुंबक चिकटणार कुठे? बुलबार (बंपरपुढचा लोखंडी गार्ड) असता तर तिथे लावली असती. पण डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने बुलबारविरुद्ध कारवाई करायला राज्यांना सांगितल्यानंतर मी तो काढून टाकलाय आणि परत बसवायचा नाही. मागच्या दाराला स्टेपनी आहे, तिच्या ब्रॅकेटला तयार माउंट मिळतो. तो लावला. मीटरचा काटा लाल पट्ट्यात जाऊन टेकला.

असं झालं की बोलायचं बटण धरून ठेवायचं नाही, सेटचं आउटपुट जळतं. मल्टिमीटर काढला. केबलची मधली पिन आणि बाहेरचं कडं यांच्यात बीप वाजायला नको होता, वाजला. म्हणजे शॉर्ट. माउंट उघडला तर पांढरा नायलॉनचा खांदेवाला वॉशर उलटा बसलेला. त्याचा खांदा पट्टीच्या भोकात उतरला पाहिजे, नाहीतर बोल्ट पट्टीला चिकटतो. सुलटा केला, बीप गेला. काटा ३ वर आला. ३ म्हणजेही वाईटच. २ च्या खाली चालेल, १.५ च्या खाली छान.

अंधार पडला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसातून चाचांना फोन. ते म्हणाले, "दाराला अर्थ कुठून मिळेल साहेब? बिजागरीतून? ती तर ग्रीसमध्ये बुडालेली."

३० नोव्हेंबर, रविवार

चाचांचं निदान बरोबर निघालं. अँटेना म्हणजे निम्मी काठी आणि निम्मी गाडी. काठीखालचा पत्रा बॉडीशी नीट जोडलेला नसेल तर काठी एकटी पडते. दाराची बिजागरी ग्रीस आणि रंगाने गाडीपासून तुटल्यासारखीच असते.

दाराचा नाद सोडला. तसंही दार उघड-बंद करताना केबल रोज वाकणार होती. सातपूरच्या एका फॅब्रिकेटरकडून ५ मिलिमीटर लोखंडी पट्टीची एल आकाराची क्लिप करून घेतली, साडेतीनशे रुपये, भोक पाडून. मागच्या डाव्या कोपऱ्यावर, टबच्या (गाडीच्या हौद्याच्या) पत्र्याला. रोल बारपासून फूटभर बाहेर राहील अशी वाकवली, कारण काठीला समांतर लोखंड जवळ आलं की मीटर बिघडतो. पट्टीखालचा रंग पूर्ण घासून पांढरा पत्रा काढला, दातेरी वॉशर टाकले, घट्ट केल्यावर वरून रंग मारला. नाहीतर पहिल्या पावसात गंज आणि पुन्हा तोच रोग. बॉडी रबरी बुशांवर बसलेली असते, म्हणून बॉडी ते चॅसी अशी जाळीदार तांब्याची पट्टीही मारली.

मीटर लावला तर १.९. मग जुळवणी. पुस्तकांत चॅनेल १, १९ किंवा २०, आणि ४० वर मोजायला सांगतात. आपण २७ च्या पुढे जाणारच नाही, तर मी १, १४ आणि २७ वर मोजलं. १ वर १.६, २७ वर २.१. वरच्या चॅनेलवर जास्त म्हणजे काठी लांब. उलट असतं तर आखूड. टोकाचा स्क्रू थोडा थोडा आत घेत गेलो. शेवटी १ वर १.५, १४ वर १.३, २७ वर १.४. बस्स.

मोजताना पाळायच्या गोष्टी : मोकळं मैदान हवं, शेडमध्ये किंवा पत्र्याच्या भिंतीजवळ नको. दारं बंद, हूड नेहमी असतो तसा. काठीला हात लावणारे उत्साही मित्र लांब. मीटर सेट आणि केबलच्या मध्ये लागतो, आधी काटा "सेट" खुणेवर आणायचा मग परतीचं वाचन घ्यायचं. आम्ही गंगापूर धरणाकडच्या रस्त्याला मोकळ्या जागेत केलं. पार्किंगमध्ये याच वाचनात बरीच तफावत येत होती.

उरलेली केबल गुंडाळून घट्ट बंडल करू नका. मी ती सीटखालून सैल फिरवली.

७ डिसेंबर, रविवार

गिरणारेच्या पुढे पहिली खरी चाचणी. सुरुवातीचा अर्धा तास कोणाचंच कोणाला कळेना. दादांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा. तिघांचं चॅनेल एकच, स्क्वेल्च ठीक. शेवटी गाड्या शेजारी लावून पाहिल्यावर दादांच्या पडद्यावर एएम दिसलं, आमच्या एफएम. सेट पुसताना बटण दाबलं गेलेलं. आता बटणं लॉक करून ठेवतो.

मग मुद्दाम दोन्ही करून पाहिलं. जवळ असताना एफएम स्वच्छ, जिप्सीच्या इंजिनातल्या ठिणगीचा आवाज कमी ऐकू येतो. लांब गेल्यावर एएम खरखरतं पण शब्द लागतात. आम्ही ताफ्यात क्वचितच दोन किलोमीटरपेक्षा लांब जातो, म्हणून एफएम ठरवलं. मोकळ्या माळावर पाच-सहा किलोमीटर बोलता आलं. मधे टेकडी आली तर आवाज खाली गेला, तुटला नाही. ४४६ च्या हँडसेटचा आणि याचा फरक इथे दिसतो. लांब लाट डोंगराच्या कडेवरून थोडी वळते.

एक शोध उपयोगी लागला. माझी अँटेना मागच्या डाव्या कोपऱ्यात आहे, म्हणून माझा आवाज पुढे-उजवीकडे जोरात जातो आणि मागे-डावीकडे कमी. पत्रा ज्या बाजूला जास्त पसरलेला, तिकडे जोर. गोल फिरून तपासलं, खरंच तसं आहे. म्हणून आता मी ताफ्यात शेवटी असतो. ज्याची अँटेना पुढच्या मडगार्डवर तो पुढे. छताच्या मध्यावर असलेले दादा कुठेही चालतात, म्हणून ते मध्ये, दोघांचं ऐकून पलीकडे सांगायला. क्लिप वाकवायच्या आधी हे माहीत असतं तर कोपरा कुठला हा विचार वेगळा केला असता. तुम्ही करा.

सकाळी अकराच्या सुमारास एएमवर कुठल्यातरी अगम्य भाषेत दोन माणसं जोरजोरात बोलताना ऐकू आली. निखिल म्हणाला, शेजारच्या गावातले असतील. तसं नाही. सूर्यावरच्या घडामोडी जोरात असल्या की हा पट्टा आकाशातून परावर्तित होऊन हजारो किलोमीटरवरून आवाज आणतो, आणि नासा-नोआ या अमेरिकन सरकारी संस्थांनी ऑक्टोबर २०२४ मध्येच जाहीर केलं होतं की सौर चक्र, म्हणजे या घडामोडींचा चढउतार, कमाल टप्प्यात आहे. ऐकायला मजा आहे. पण स्क्वेल्च उघडतो आणि आपलाच आवाज दबतो, म्हणून आरएफ गेन थोडा कमी ठेवायचा. जवळच्या गाडीला तेवढा पुरतो.

१० डिसेंबर, बुधवार

ऑफिसातून येताना अंबड एमआयडीसीतून सेट चालू ठेवून आलो. चॅनेल १४ वर, जो आम्ही ठरवला होता, जोरदार गुरगुर. तीन-चार सेकंद येते, थांबते, परत येते. चॅनेल १४ म्हणजे २७.१२५. प्लास्टिकची ताडपत्री, कव्हरं चिकटवणारी वेल्डिंग मशीन २७.१२ वर चालतात. कारण हा पट्टाच औद्योगिक वापरासाठीही ठेवलेला आहे, २६.९५७ ते २७.२८३, अगदी आपल्याच मर्यादा. दाबलं, चिकटलं, उचललं, अशा तालात गुरगुर येते म्हणून मला तेच वाटतं. तक्रार करायला जागा नाही, पट्टा त्यांचाही आहे.

मधल्या चॅनेलवरून उठलो. आता ४, म्हणजे २७.००५. एमआयडीसीजवळ तिथेही थोडं येतं, पण कमी. गावाबाहेर प्रश्नच नाही. चॅनेल ४ वरही एसडब्ल्यूआर चांगलाच आहे, हात लावला नाही. देवळाली कॅम्पच्या बाजूने जाताना आम्ही सेट बंदच ठेवतो. लष्करी भाग आहे, उगाच प्रश्न नकोत.

१४ डिसेंबर, रविवार

हरसूल, आतले कच्चे रस्ते. फक्त लोक वापरतात त्या वाटांवर, वनखात्याच्या जमिनीत घुसून नाही.

आंब्याच्या फांदीने काठी मागे ओढली आणि सोडली तेव्हा आलेला आवाज ऐकून पोटात गोळा आला. काठी वाचली, क्लिप बोटभर वाकली. तळाशी स्प्रिंग हवी. संध्याकाळी निखिलच्या डब्यातली स्प्रिंग लावली. स्प्रिंगच्या आतून तांब्याची जाळी गेलेली असावी, नुसती स्प्रिंग स्वतःच गुंडाळी बनते. आणि तिने लांबी वाढली, म्हणून २७ वर परत १.९. स्क्रू आणखी आत, जुळलं. ज्यांना स्प्रिंग लावायचीच आहे त्यांनी ती आधी लावा आणि मग जुळवा. उंची वाढते हेही लक्षात ठेवा. शेतातून जाताना लोंबणाऱ्या विजेच्या तारा असतात, मी तिथे काठी आडवी बांधतो.

दुसरी अडचण : सेटच्या पोटात असलेला स्पीकर खाली तोंड करून आहे. डिझेल इंजिन, उघड्या बाजू आणि वारा, यात दादांचं "समोरून एसटी येतेय" मला एसटी दिसल्यावर कळलं. ८ ओहमचा छोटा बाहेरचा स्पीकर रोल बारला, कानाच्या मागे लावला. साडेसहाशे रुपये. या सगळ्या खर्चात सर्वात जास्त फरक याने पडला.

बोलण्याच्या सवयी आपोआप बसल्या. बटण दाबून एक श्वास थांबायचं आणि मग बोलायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. "थांबू नको" म्हणायचं नाही. "नको" ऐकू आलं नाही तर उलटंच होतं. "ये" किंवा "थांब", एवढंच.

२१ डिसेंबर, रविवार

जिप्सीचा दिवस. पेट्रोल गाडीत प्रत्येक ठिणगी सेटला ऐकू येते, टक-टक-टक, अॅक्सिलरेटरबरोबर वाढत जाणारी. नॉइज ब्लँकरने थोडी दबते. निखिलने रेझिस्टरवाले प्लग आणि नव्या वायरी टाकल्या, अर्ध्याहून अधिक गेली. उरलेलीसाठी बोनेट आणि बॉडी यांच्यामध्ये जाळीदार पट्टी मारली, कारण बोनेट बिजागरीवर तरंगतो आणि खालचा आवाज बाहेर सोडतो. आता एफएमवर चालण्यासारखं आहे. एएमवर अजून त्रास.

डिझेल गाडी असेल तर हा सगळा परिच्छेद सोडून द्या.

२८ डिसेंबर, रविवार

पुन्हा सावळघाट, तीन गाड्या, आणि जिथे हँडसेट मुके झाले होते तीच वळणं. दोन वळणं पुढे असलेल्या जिप्सीचा आवाज खरखरीत, पण शब्द पूर्ण. अगदी खोल कातळाच्या आड गेल्यावर मात्र गेला आणि मधल्या बोलेरोने निरोप पोचवला. जसं ठरवलं होतं तसं.

खर्च, माझ्या गाडीपुरता : सेट १४,०००. अँटेना, माउंट, केबल, स्प्रिंग मिळून ४,२००. क्लिप ३५०. तांब्याच्या जाळीदार पट्ट्या, लग, वॉशर ३००. वायर आणि फ्यूज ४५०. स्पीकर ६५०. चाचांची मजुरी ८००, चहा वेगळा. एसडब्ल्यूआर मीटर १,९००, तिघांत वाटून. स्टेपनीचा तयार माउंट पडून आहे, कोणाला हवा असेल तर घेऊन जा. पैसे वाचवायचे असतील तर सेटमध्ये वाचवा. केबल आणि माउंट स्वस्तातले घेऊ नका, आणि मीटर उसना मिळवा.

४ जानेवारी २०२६, रविवार

राहिलेली कामं. माइकचा हूक डॅशला आहे, गचक्यांनी माइक पडतो, चाचांनी चुंबकी क्लिप सांगितली आहे. अँटेनाच्या तळाचा केबल जोड सध्या उघडा आहे. त्यावर सेल्फ-फ्यूजिंग रबर टेप गुंडाळून वरून काळी टेप लावायची आहे. केबलमध्ये पाणी शिरलं की ते जाळीतून आत चढतं आणि मग केबलच बदलावी लागते. हे मे संपायच्या आत व्हायला हवं. निखिलला आता दुसरा एलईडी बार लावायचा आहे. विकत घेण्याआधी दुकानातच सेट चालू ठेवून बार पेटवून बघ, असं त्याला सांगितलंय.